चंदाबाईंची वाटी, उमेशरावांचं पोट

चंदाबाईंचं ऑपरेशन मुंबईला झालं, आणि त्याचा त्रास जव्हारला उमेशरावांना सुरू झाला.

ऑपरेशन पोटाचं होतं. पोटात काही झालं होतं म्हणून नव्हे, पोटच फार झालं होतं म्हणून. डॉक्टरांनी वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडली होती आणि उरलेलं पोट तिथंच आत, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखं, बिनकामाचं ठेवून दिलं होतं. आता चंदाबाईंनी एका वेळी वाटीभर खायचं, तेही चावून चावून, आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. एवढंच. मुंबईच्या डॉक्टरांना हे 'एवढंच' वाटलं, कारण त्यांना जव्हारात राहायचं नव्हतं.

चंदाबाई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. मोखाड्याच्या बाजूचे, पोशेऱ्याच्या आसपासचे पाडे त्यांच्याकडे. अंगाने पहिल्यापासून भरलेल्या. पुढे साखर आली, रक्तदाब आला, गुडघे कुरकुरायला लागले. एकदा एका पाड्याच्या चढावर त्या दम खायला दगडावर बसल्या, आणि दोन अंगणवाडी सेविकांनी हात दिल्याशिवाय उठल्या नाहीत. त्या दिवशी घरी येऊन चहाही न घेता त्या म्हणाल्या, "अहो, मी ऑपरेशन करून घेणार." डॉक्टर त्यांनी आधीच शोधून ठेवले होते. बाईंचा विचार चालू असताना कुणाला कळत नसे. निर्णय झाला की मात्र सगळ्या घराला कळे.

उमेशरावांची ऑपरेशनला हरकत नव्हती. ते काळजीत होते लोकांच्या. ते एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते, आणि लोक काय म्हणतील या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. "आपल्या भागात पोरांचं वजन वाढावं म्हणून सरकार अंडी वाटतं," ते म्हणाले, "ती अंडी पोरांना मिळतात का, हे बघायची तुझी नोकरी. आणि तूच वजन उतरवायला पोट कापून घेतलंस, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं सांगा," चंदाबाई म्हणाल्या. "मी काही चोरी करत नाहीये."

"तू काही बोलू नकोस. मी बघतो."

'मी बघतो' असं उमेशराव कचेरीत म्हणाले की ते काम पुढे कुणीच बघत नसे. घरी मात्र त्यांनी खरंच बघितलं. ऑपरेशन अपेंडिक्सचं झालं, असं त्यांनी सगळीकडे जाहीर केलं. अपेंडिक्स हा अवयव त्यांना सभ्य वाटला. तो कुणाच्याही पोटात असतो आणि त्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही.

इथंच चूक झाली. अपेंडिक्स काढलेल्या बाईला लोक जेवायला घालतात.

चंदाबाई घरी आल्या त्याच दिवशी शेजारच्या रंगूमावशी गावठी कोंबडीच्या रश्शाचं पातेलं घेऊन दारात उभ्या. "आतडं कापलं म्हंजे ताकद गेली. ती रस्सा पिऊन भरून काढायची." मावशींच्या मागोमाग पुंजागुरुजी. हे शाळेतून निवृत्त झाले होते. सल्ला देण्यातून झाले नव्हते. त्यांनी खुर्चीत बसून शांतपणे समजावलं, "उमेशभाऊ, हा साधा हिशेब आहे. आतडं आखूड झालं की अन्न अर्धं वाया जातं. म्हणजे अर्धं अंगी लागायला जेवण किती पाहिजे? दुप्पट!" हिशेबात चूक नव्हती. फक्त ज्या बाईसाठी तो मांडला होता, ती त्या वेळी आतल्या खोलीत बसून डाळीचं गाळलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पीत होती, आणि तेवढंही तिला अर्धा तास पुरत होतं.

आता त्या पातेल्याचं काय करायचं? परत पाठवणं म्हणजे मावशींच्या तोंडावर दार लावणं. ओतून टाकणं उमेशरावांना जमण्यासारखं नव्हतं; ते शेतकऱ्याच्या घरात वाढले होते. कुत्र्याला घालावं, तर आळीतलं एकुलतं एक कुत्रं मावशींचंच. ते घरी जाऊन जेवलं नाही की बिंग फुटलंच. तेव्हा रिकामं पातेलं परत करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग उरला. उमेशराव बसले आणि जेवले. पातेलं घासून परत गेलं. मावशींचा चेहरा उजळला, "मॅडमनी सगळं घेतलं? बघा, भूक लागायला लागली!" आणि दुसऱ्या दिवशी उडदाच्या आमटीबरोबर नागलीच्या भाकऱ्या आल्या.

असं सगळ्या आळीचं प्रेम सुरू झालं. सुकटीचं कालवण आलं, वरईचा भात आला, करांद्याचे कंद उकडून आले. कचेरीतल्या सुदर्शनच्या बायकोने खास मुगाचे लाडू पाठवले. चंदाबाईंच्या आजारपणाचा सगळा आहार उमेशरावांनी एकट्यानं पार पाडला. मूळचे ते काठीसारखे. पण माणसाच्या देहाला मनातला नाइलाज कळत नाही. त्याला फक्त रस्सा कळतो.

चंदाबाई मात्र आपल्या मार्गानं चालल्या होत्या, आणि ते बघताना उमेशरावांना कधी कधी घास तोंडात धरून बसावंसं वाटे. गाळलेल्या पाण्यावरून त्या पातळ वरणावर आल्या, वरणावरून कुस्करलेल्या अंड्यावर. स्टीलची एक लहान वाटी आणि लहान मुलाचा चमचा. चमचा तोंडात गेला की खाली ठेवायचा. चावायचं. एवढं चावायचं की गिळण्यासारखं काही उरूच नये. मग पुन्हा चमचा उचलायचा. वाटी संपली की अर्धा तास पाणी नाही, मग पाण्याचे घोट, तेही मोजके, आणि मग गोळ्या. एकदा घाईत भाताचा घास तसाच गेला आणि छातीत दगड बसावा तसा अडकला. त्या मोरीत जाऊन सगळं काढून आल्या, तोंड धुतलं, आणि म्हणाल्या, "भात आपला नाही अजून. पुढच्या महिन्यात बघू." सरकारी कामाची फाईल पुढे ढकलावी इतक्या थंडपणे.

एकदाच त्या ढासळल्या. मावशींच्या घरी बोंबील भाजत होते, वास भिंतीवरून आला. चंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"भूक लागली का?" उमेशराव घाबरून म्हणाले. "थोडं काही देऊ?"

"भूक नाही हो लागली. भूक लागतच नाही आता." त्या म्हणाल्या. "मला जेवायचंय."

 उमेशराव जाऊन शेजारी उंबऱ्यावर बसले. दोघं बोंबलांचा वास संपेपर्यंत बसून राहिले. मग बाई उठल्या, वाटीत दोन चमचे दही घेतलं आणि चावून खाल्लं. दही चावून खाणारं माणूस उमेशरावांनी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी ताकदीसाठी एक पावडर दिली होती. तिच्या डब्यावर एक गुटगुटीत हसरा चेहरा होता. तो एका पहिलवानाचा होता, पण रंगूमावशींनी चष्म्याशिवाय पाहिला. मोरीतला आवाज त्यांनी आधी ऐकलेलाच होता. दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र केल्या, आणि संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर सुदर्शननं उमेशरावांना मिठी मारली. "काय साहेब! ह्या वयात? आम्हाला पत्ता नाही?" पोरगा नाशिकला कॉलेजात असलेल्या माणसाला असं अभिनंदन मिळालं की त्यानं कुठं बघावं, याचा काही नियम नाही. उमेशरावांनी एसटीच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

ती बातमी अर्थातच टिकली नाही. बातमीला आकार धरायला हवा होता, आणि चंदाबाईंचा आकार उलट दिशेला चालला होता. गाल उतरले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, मध्यंतरी केस मूठमूठ गळले. बँकेतल्या नव्या कॅशियरनं पासबुकातला फोटो पाहिला, समोरच्या बाईंकडे पाहिलं आणि पासबुक परत सरकवलं. "ह्या बाईंना पाठवा."

"मीच त्या."

"असं कसं? ह्या फोटोत मावत नाहीयेत, तुम्ही खिडकीत दिसत नाही आहात."

चंदाबाई हसल्या. उमेशराव हसले नाहीत. त्यांनी ओळख पटवायला लिपिकाचं ओळखपत्र काढलं, तर कॅशियरनं तो फोटोही पाहिला, तो काठीसारख्या माणसाचा होता, आणि तो म्हणाला, "तुमच्या घरी सगळ्यांचेच फोटो बदललेत का?"

तेव्हा उमेशरावांनी प्रथम स्वतःकडे नीट पाहिलं. पँटचं बटण गेले काही दिवस लागत नव्हतं. त्याचा दोष ते धोब्याला देत होते. ते स्टँडसमोर जिवा टेलरकडे गेले. जिवानं पँटच्या शिवणी उसवून सैल करायला घेतल्या. त्याच मशीनवर चंदाबाईंचे ब्लाऊज आत घ्यायला पडले होते. जिवानं एकदा ब्लाऊजकडे पाहिलं, एकदा पँटकडे, आणि तो काही बोलला नाही. जव्हारात जिवा टेलर काही बोलला नाही, म्हणजे त्यानं ते बाकी सगळ्यांना सांगून झालेलं असे.

आठवड्याभरात गावाला सत्य कळलं. उमेशराव बायकोला उपाशी ठेवतात आणि तिच्या वाटचं आपण खातात.

या आरोपातला दुसरा भाग अक्षरशः खरा होता, म्हणून उमेशरावांना तो फारच लागला. रंगूमावशी आता पातेलं द्यायला यायच्या ते दारातच बसून राहायच्या. "मॅडमना माझ्यासमोर जेवू दे." पुंजागुरुजींनी उमेशरावांना हनुमान पॉइंटला फिरायला नेऊन, दरीकडे बघत, संसार म्हणजे दोन चाकं कशी असतात ते सांगितलं आणि एक चाक फुगलं तर गाडी कुठे जाते, तेही बोट दाखवून सांगितलं. उमेशरावांनी आयुष्यात कुणाचा रुपया खाल्ला नव्हता. त्यांच्यावर भाकरी खाल्ल्याचा आळ आला.

"आता तरी खरं सांगू या," चंदाबाई म्हणाल्या.

"आता सांगितलं तर आधी खोटं बोललो, असं होईल."

"झालंच आहे ना ते?"

"मी बघतो," उमेशराव म्हणाले.

बघायला फार दिवस लागले नाहीत. चंदाबाईंच्या माहेरी, जामसरच्या पलीकडच्या पाड्यावर, लग्न निघालं. मांडवात पंगत बसली. चंदाबाईंनी पानावर दोन चमचे डाळ आणि कोंबडीचा एक मऊ तुकडा घेतला होता, आणि त्या शांतपणे चावत होत्या. तेवढ्यात त्यांची लाडकी नावाची चुलती बुंदीचे लाडू घेऊन आली. "पोर सुकून गेली!" म्हणत तिनं अर्धा लाडू बाईंच्या तोंडात कोंबलाच. मायेचा घास थुंकता येत नाही. चंदाबाईंनी गिळला. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम फुटला, छाती धडधडायला लागली. एवढी साखर त्या लहान पोटातून एकदम पुढे गेली की असं होतं, हे उमेशरावांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मांडवात दुसऱ्या कुणाला नव्हतं. लाडकी काकू उरलेला अर्धा लाडू घेऊन पुन्हा वाकली, आणि उमेशरावांनी पुढचा-मागचा विचार न करता तो तिच्या हातातून हिसकावला. हिसकावलेला लाडू ठेवायचा कुठे? एका हातात पाण्याचा पेला, समोरचं पान रश्शानं भरलेलं. त्यांनी तो तोंडात टाकला.

सगळी पंगत थांबली. वाजंत्रीवाल्याचा सूर तेवढा चालू होता.

चंदाबाईंचा धाकटा भाऊ जगन समोरच वाढत होता. त्यानं बहिणीचा घामेजला चेहरा पाहिला, दाजींचे हलणारे गाल पाहिले, आणि हातातली बादली खाली ठेवली.

पुढच्या रविवारी दोघांना चंदाबाईंच्या माहेरच्या गावातून बोलावणं आलं. त्या वर्षी गावोगाव तंटामुक्तीच्या समित्या नव्यानं झाल्या होत्या, आणि या समितीनं तोवर एक बांध, एक बकरी आणि दोन कोंबड्या एवढेच तंटे मिटवले होते. त्यामुळे समाजमंदिरात गर्दी चांगली होती. अध्यक्ष तुका यांनी घसा साफ केला.

"जावयबापू, रागवू नका. विचारायचं म्हणून विचारतो. तुम्ही आमच्या पोरीला जेवायला देता का?"

उमेशराव उभे राहिले. त्यांच्या शर्टाचं एक बटण सुटलेलं होतं आणि ते लावता येत नव्हतं. "तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं असल्यामुळे..."

"अपेंडिस माझा पण काढलाय," तुका म्हणाले. "मी तीन भाकरी खातो."

 इतक्या महिन्यांत प्रथमच उमेशरावांकडे 'मी बघतो' म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हा चंदाबाई उठल्या. कुणाचा हात न धरता, जमिनीवरून सरळ उठल्या. हे फक्त उमेशरावांच्या लक्षात आलं.

"मला कुणी उपाशी ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "मी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंय. एवढं." त्यांनी मूठ मिटून दाखवली. "वजनानं मला साखर झाली होती, चालता येत नव्हतं. आता वाटीभर खाल्लं की पोट भरतं. गोड खाल्लं की चक्कर येते. परवा यांनी लाडू ओढला नसता, तर मी मांडवात आडवी झाले असते."

 चंदाबाईंची आई सोमी पुढे सरकली. "कापून टाकलां? चांगलां पोट?"

"टाकलं नाही, आई. आतच आहे. नुसतं बाजूला ठेवलंय."

"हाय ना आत?" सोमीनं सुस्कारा सोडला. "मग ऱ्हाऊ दे. उद्या लागलां तं."

लोक हसले, पण कोपऱ्यात बसलेला म्हातारा सुकऱ्या हसला नाही. "पोट भरत नाय म्हणून आमची पोरां वीटभट्टीवर जातात," तो म्हणाला. "आणि तू भरणारां पोट लहान केलांस. आम्हाला कसां समजायचां?"

हेच ते. याच वाक्याला उमेशराव इतके महिने भीत होते. त्यांनी मान खाली घातली.

चंदाबाईंनी घातली नाही. "समजायला अवघडच आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "मलाही अवघड गेलं. पण पोशेऱ्याकडे वरच्या पाड्यावर मला चढता येत नव्हतं. बाया पोरांना खाली आणायच्या, आणि जिचं पोर जास्त आजारी ती खाली यायचीच नाही. आता मी वर जाते. माझ्या हातानं पोरं काट्याला लावते. गेल्या महिन्यात दोन पोरं अशी सापडली की कुणाच्या नोंदीतच नव्हती. दोघं दवाखान्यात नेली. आहेत बरी."

सुकऱ्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. "चढतेस?" त्यानं विचारलं. "वरपर्यंत?"

"वरपर्यंत."

"मग बरां केलांस," तो म्हणाला आणि विडी शोधायला लागला.

"पण मॅडम," तुका म्हणाले, "पाड्यावरच्या बायांना हे कळलं तर?"

"त्यांना मी कामावर परतले त्या पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. माझ्यासाठी आता अंबील गाळून ठेवतात."

उमेशरावांनी मान वर केली. "पहिल्या आठवड्यापासून? मग मी जव्हारात कशासाठी...? मला सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही म्हणालात ना, मी बघतो. मी म्हटलं, बघताहेत तर बघू देत."

समाजमंदिर हसून हसून आडवं झालं. जगननं येऊन दाजींचे पाय धरले. त्याला वाकणं सोपं होतं, दाजींना त्याला उठवायला वाकणं तितकं सोपं गेलं नाही. तुकांना मात्र तंटा हातचा गेल्याची हळहळ वाटत होती. शेवटी त्यांनी निकाल दिलाच. पोरीनं तिला पचेल तेवढं जेवावं, आणि जावयानं दुसऱ्याच्या वाटचं जेवणं बंद करावं. निकाल दोन्ही पक्षांना मान्य झाला.

तिथून सगळे सोमीच्या घरी जेवायला गेले. सोमीनं कोंबडी शिजवली होती, पण ती चुलीपुढे गप्प होती. "म्हंजे माझ्या हातचां तू आता खाणार नाय," ती भाकरी थापता थापता म्हणाली.

"खाणार की. थोडं."

सोमीनं परातीतून लिंबाएवढा गोळा काढला आणि तळहाताएवढी नागलीची भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना तिला स्वतःलाच हसू आलं. भातुकलीतली दिसत होती. रश्शात भिजवून, कुस्करून तिनं ती मुलीच्या वाटीत घातली आणि समोर बसली.

त्या घरात पंगतीतला शेवटचा माणूस होईपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी रीत होती. जगनचं झालं, तुकांचं झालं, उमेशरावांचं दोनदा झालं. चंदाबाईंचा तिसरा घास चालू होता. हात वाळले. जगन उठायला लागला तर सोमीनं त्याला नजरेनं खाली बसवलं. मग करायला काही नव्हतं म्हणून लोक बोलायला लागले. जगननं, तो ठाण्याला कामाला होता तेव्हाचं, कधीच कुणाला न सांगितलेलं काही सांगितलं. तुकांनी आपल्या गेलेल्या बायकोची आठवण काढली. चंदाबाई चावत होत्या, ऐकत होत्या, मध्येच मान हलवत होत्या. उमेशराव बायकोकडे पाहत होते. एवढ्या सगळ्या अन्नाच्या, मायेच्या आणि बोलण्याच्या पुरातून ही बाई एका चमच्यावर उभी राहून पार झाली होती, आणि आपण काठावर पातेली रिकामी करत बसलो होतो. त्यांना वाटलं, कचेरीत कुणी विचारलं तर उद्या आपण होऊन सांगावं. सगळ्यांना सांगावं. थोडं मोठ्यानंच.

शेवटी वाटीत थोडं उरलं आणि चंदाबाईंनी चमचा खाली ठेवला.

"भरलां?" सोमीनं विचारलं.

"भरलं, आई."

सोमीनं वाटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. उरलेला घास तिनं आपल्या तोंडात टाकला आणि समाधानानं डोळे पुसले. मग डाव घेऊन ती जावयाकडे वळली.

"नको!" उमेशरावांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "नको, आई. समितीचा निकाल आहे."

"हां, हां," सोमी म्हणाली, आणि तिनं कोंबडीची तंगडी आणि डावभर रस्सा त्यांच्या आडव्या हातांवर वाढला. रस्सा मनगटावरून कोपराकडे निघाला. चंदाबाई पोट धरून हसायला लागल्या. उमेशरावांनी एकदा तुकांकडे पाहिलं, एकदा सासूकडे पाहिलं, आणि कोपर उचलून चाटायला सुरुवात केली.